फायरवॉल आप्पा

आप्पांच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांच्या बायकोची, आक्कांची, मरून टिकली असते. हॅकरनं कॅमेरा चालू केलाच तर त्याला अंधार दिसावा, एवढाच हेतू. मुलगा रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा टिकली निघते, मॉनिटरच्या कडेला चिकटते आणि कॉल संपला की परत जागेवर बसते. एकदा ती कडेला चिकटेना. हरवू नये म्हणून आप्पांनी ती स्वतःच्याच कपाळाला लावली आणि पलीकडे अचानक समोर आलेल्या व्याह्यांना हात जोडून नमस्कार केला. व्याही सभ्य, काही बोलले नाहीत. सुनेनं मात्र नंतर आक्कांना फोन करून 'बाबांची तब्येत बरी आहे ना?' असं विचारलं.

बेळगाव-निपाणी भागात गल्लीगणिक असा एक माणूस असतोच. निवृत्त, हिशेबी, पेपर शेवटच्या पानावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा, आणि आपल्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी डोळा आहे याची खात्री बाळगून असलेला. कॉम्प्युटरमध्ये काय असतं? पेन्शनचा हिशेब, खानापूर तालुक्यातल्या जमिनीचे उतारे, नातवाच्या बारशाचे फोटो. पण डोळा आहे तो आहेच. आमच्या शहापूरच्या वाट्याला आप्पा आलेत. शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं आणि त्याला लागून असलेलं बेळगाव इंग्रजी अमलात. १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत बेळगाव म्हैसूर राज्याकडे गेलं, तेव्हापासून तर आम्ही हद्दीवाचून दुसरं काही बोललोच नाही. हद्द, नाका, चौकी, झडती हे शब्द इथं पोरंसुद्धा पाळण्यात ऐकतात. त्यामुळे फायरवॉल म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणाला समजवावं लागलं नाही. आप्पांनी समजावलं, ती गोष्ट वेगळी.

आप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. कास्टिंग उलटंपालटं करून बघायचं आणि खोट दिसली की लाल खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी नारळ-शालीबरोबर खडूचा डबाही घरी आला. पहिले काही महिने आक्कांच्या वांग्यांवर फुल्या पडल्या. मग मुलानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवला आणि आक्कांची वांगी सुटली.

पहिलं काम आप्पांनी केलं ते अँटिव्हायरस आणायचं, आणि आणला तो क्विक हील. कारण त्याची वंशावळ त्यांना तोंडपाठ. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, तिथून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. धाकट्या भावानं, संजयनं, नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावानं चाललेला हा धंदा २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाला. हे सगळं सांगून झालं की आप्पा एक सुस्कारा टाकतात. "आम्ही काय महाराष्ट्रात गेलो नाही बा. निदान अँटिव्हायरस तरी महाराष्ट्राचा असू दे की."

त्यांचा एक पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्यानं एकदा सुचवून बघितलं की आप्पा, विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, घरच्या वापराला तो पुरतो, वेगळे पैसे कशाला? आप्पांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समोरच्यानं बसून घ्यावं.

"डिफेंडर मायक्रोसॉफ्टचा म्हणून सांगूलालास? २००४ च्या डिसेंबरात त्यांनी जायंट म्हणून एक कंपनी विकत घेतली. तिचं अँटिस्पायवेअर होतं, ते घेतलं, नाव पालटलं, झाला डिफेंडर! नाव पालटलं म्हणून मूळ पालटत नाही, हे बेळगावच्या माणसाला शिकवू नको." १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, त्याचा राग असा कुठंही निघतो. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आप्पांनी आपलं ठिकाण कोल्हापूर असं टाकलंय. एक तर शत्रूला खरा पत्ता लागू नये, आणि दुसरं म्हणजे पडद्यावर 'बेळगावी' वाचावं लागू नये. परिणाम इतकाच की हवामानही कोल्हापूरचं दिसतं. आषाढात शहापुरावर धो धो कोसळत असताना आप्पा कोल्हापूरच्या भरवशावर छत्री न घेता बाहेर पडतात आणि भिजून आल्यावर आक्कांना म्हणतात, "सुरक्षेची किंमत मोजावी लागते."

हसण्यावारी नेऊ नका, माणूस अडाणी नाही. घरच्या कॉम्प्युटरवर दोन खाती असावीत, एक मालकाचं आणि एक रोजच्या वापराचं, हे जाणकार सांगतात ते आप्पा अक्षरशः पाळतात. रोजच्या खात्यातून शिरलेल्या प्रोग्रामला मालकाचा पासवर्ड मिळाल्याखेरीज सगळी यंत्रणा ताब्यात घेणं जड जातं, म्हणून ही सोय. आप्पा रोज साध्या खात्यात बसतात. काही बसवायचं झालं की पडद्यावर चौकट येते आणि मालकाची परवानगी मागते. मग आप्पा खुर्चीतून उठतात, गंभीर चेहऱ्यानं आतल्या खोलीत जातात, कपाटातली डायरी काढतात आणि स्वतःलाच परवानगी द्यायला परत येतात. कधीकधी वाटेत विचार बदलतो. "परवानगी दिली नाही," असं बाहेर येऊन सांगतात. कपाटाची किल्ली आक्कांच्या कनवटीला असते, त्यामुळे त्या कॉम्प्युटरचा खरा मालक कोण हा प्रश्नच पडत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे त्यांना हे नाव पडलं ती सांगतो. संध्याकाळी नाथ पै चौकात चहाला चारदोन मंडळी जमतात. तिथं एकदा कुणीतरी विचारलं की अँटिव्हायरस आहे, फायरवॉल आहे, मग हे स्पायवेअर आत येतं कुठनं? आप्पांनी बशी खाली ठेवली. पुस्तकात याला ग्रीकांच्या लाकडी घोड्याचा दाखला देतात. "त्यो घोडा ऱ्हाऊ दे बाजूला," आप्पा म्हणाले. "शहाऐंशी आठवतंय काय?"

बेळगावात एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तरी आप्पांनी सांगितलं. १९८६ चा जून. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना यायची बंदी, वाटांवर पोलीस. आणि तरी छगन भुजबळ वेष पालटून गावात शिरले. शरद पवारही पोलिसांना हुलकावणी देऊन पोचले. "नाक्यावर पोलीस झोपले होते काय? नव्हते! डोळ्यांत तेल घालून उभे होते. पण ते भुजबळांना शोधूलालते, आणि समोरनं गेला तो भलताच माणूस. पोलिसांनीच वाट दिली. स्पायवेअर अस्संच येतंय. 'मी स्पायवेअर, येऊ काय' म्हणून विचारत नाही. मराठी फॉन्ट फुकट, पंचांग फुकट, पीडीएफ जोडायचं यंत्र फुकट, असला वेष करून येतंय. आणि आपणच 'हो', 'पुढे', 'मान्य' दाबत वाट करून देतोय. आत आलं की गप बसतंय. तुम्ही काय टाइप करता, कुठल्या बँकेत जाता, सगळं बघतंय आणि बाहेर धाडतंय."

मी अनेकांचं ऐकलंय, पण इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. मंडळी माना डोलवत होती. तेवढ्यात तोच इंजिनिअरिंगचा पुतण्या कपातला शेवटचा घोट घेत म्हणाला, "आप्पा, म्हणजे व्हायरस झाली आपली माणसं, आणि फायरवॉल झाली कर्नाटक पोलीस. मग तुमी घरात कुणाची नोकरी करूलालासा?"

चौकात शांतता पसरली. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रत्येक मोर्चात गेलेला, १ नोव्हेंबरला न चुकता काळी फीत लावणारा माणूस, आणि त्याला भर चौकात हा प्रश्न! आप्पांनी चहा तसाच टाकला आणि घर गाठलं. पुढं काही दिवस ते चौकात फिरकले नाहीत. त्या काळात त्यांनी दुसरा दाखला शोधायचा आटोकाट प्रयत्न केला असं आक्का सांगतात. अफजलखान घेऊन बघितला, तर वेष पालटणारे परत महाराजांच्याच बाजूला निघायला लागले. इतिहासात वेष पालटून शिरणारा किंवा निसटणारा नेमका आपलाच का असावा, या विचारानं त्यांना झोप येईना. शेवटी एका संध्याकाळी आले आणि पुतण्याला म्हणाले, "दाखला बरोबर हाय. बाजू बघायची नाही, युक्ती बघायची. आणि मला पोलीस म्हणायचं नाही. फायरवॉल म्हण." पोरं कशाला सोडतात!

त्यांच्या उमेदीचा काळ म्हणजे २००० नंतरची पहिली काही वर्षं. तेव्हा निपाणीला मेहुण्यांच्या तंबाखूच्या पेढीत कॉम्प्युटर नवा आलेला. तो उघडला की ब्राउझरचा निम्मा पडदा टूलबारांनी भरलेला, उरलेल्या निम्म्यात बोंझी बडी नावाचं जांभळं माकड उड्या मारायचं, गाणी म्हणायचं आणि जाहिराती दाखवायचं. मेहुणे त्या माकडावर खूश. दिवाणजींना तर ते साहेबांनीच नेमलंय असं वाटायचं. आप्पा स्पायबॉट आणि ॲड-अवेअरच्या सीडी पिशवीत घालून निपाणीला निघाले. कर्नाटकाच्या दोन बस सोडल्या आणि कोल्हापूरला जाणाऱ्या महाराष्ट्राच्या लाल एस.टी.नं गेले. दिवसभर बसून सगळं साफ केलं. संध्याकाळी मेहुण्यांनी विचारलं, "ते माकड कुठं गेलं?" त्यानंतर वर्षभर त्या घरातनं आप्पांना भाऊबीजेखेरीज बोलावणं आलं नाही.

अलीकडचा पराक्रम मी डोळ्यांनी बघितला. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक म्हणजे काय ते बेळगावकराला विचारावं. गल्लीतल्या मंडळाचा देखावा आग्र्याहून सुटकेचा. संवाद रेकॉर्ड झालेले, पोरांनी ते एका झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेले, आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री ते उघडेनात. पोरं आप्पांकडे धावली.

आप्पांनी टेबलावर कालचा 'तरुण भारत' पसरला. पेनड्राइव्ह त्याच्यावर ठेवायला लावला. हात लावला नाही. आधी इंटरनेटची वायर उपसली. त्यांच्याकडे सीडॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' बसवलेलं आहे. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, त्यातलं हे फुकटचं साधन. कुठलाही पेनड्राइव्ह लावला की ते आधी पासवर्ड मागतं. आप्पांनी डाव्या हातानं कीबोर्डवर पंचा धरला आणि उजव्या हातानं आतल्या आत टाइप केलं. पोरं इमानदारीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पडद्यावर 'आग्रा सुटका' नावाचा फोल्डर दिसला. आप्पा हसले. "कोपऱ्यात बाण दिसतोय काय बारका? आणि साइज बघ. दोन केबी! दोन केबीत महाराज, संभाजीराजे आणि मिठाईचे पेटारे मावतात काय रे?" हा फोल्डर नव्हताच. खरा फोल्डर लपवून त्याच्या नावानं एक शॉर्टकट बसवलेला. त्यावर टिचकी मारली की आधी व्हायरस चालतो. झेरॉक्सच्या, फोटोच्या, ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानांतून हा आजार गावभर फिरतो, कारण तिथं दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागतात. आप्पांनी लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केली, खरा फोल्डर फिकट रंगात उमटला. मग काळी खिडकी उघडून 'ॲट्रिब' आणि पुढं वजा एच, वजा आर, वजा एस असं काहीबाही मारलं. शॉर्टकट पुसला, स्कॅन केलं आणि आवाज सुरू केला. 'महाराज, पेटारे तयार आहेत!' रात्री साडेअकराला आप्पांच्या माडीवरनं 'जय भवानी'चा गजर झाला. पेनड्राइव्ह परत देताना त्याच्यावर लाल खडूची फुली होती.

इथंवर सगळं ठीक. इथं थांबले असते तर ते आप्पा नव्हते.

"पासवर्ड बघितलासा काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"बघून तरी काय कळणार! माझा पासवर्ड असा हाय की दिल्लीतला माणूससुद्धा हजार वर्षं बसला तर निघायचा नाही. कुणाला सांगायचं नाही, पण पद्धत म्हणून सांगतो. आमच्या गावचा देव रवळनाथ. त्याचं नाव इंग्रजीत उलटं लिहायचं. पुढं ॲटचं चिन्ह. त्याच्या पुढं एक साल. साल कुठलं ते मात्र विचारू नका."

पोरांनी विचारलं नाही. आत आक्का भांडी लावत होत्या, तिथनंच त्या म्हणाल्या, "देवाला उलटं टांगलासा व्हय!" साल कुठलं हे आक्कांनाही विचारायची गरज पडली नाही.

हेच आप्पांचं दुखणं. कुलूप उत्तम आहे, पण ते किती उत्तम आहे हे कुणाला कळलंच नाही तर लावून उपयोग काय? फाउंड्रीत फुली मारली की ती चार जणांना दिसायची. इथं सगळी कर्तबगारी पंचाखाली! दर अमावस्येला ते पासवर्ड बदलतात आणि प्रतिपदेला नवी पद्धत चौकात जाहीर होते.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पडद्यावर अचानक लाल चौकट आली, भोंगा वाजायला लागला, आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर सापडलं आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं दिसलं. मायक्रोसॉफ्टची खरी सूचना कधी फोन नंबर देत नाही, हे आप्पांना ठाऊक होतं. अशी खिडकी टास्क मॅनेजरमधून बंद करायची आणि मोकळं व्हायचं. आप्पांनी तसंच केलं. आणि मग त्या नंबरवर फोन केला. खडसवायला.

पलीकडचा माणूस गोड हिंदीत एनीडेस्क डाउनलोड करायला सांगत होता. आप्पांनी त्याला सुनावलं की २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेनं या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिलाय, मी काय पेपर वाचत नाही काय? मग त्याला समजावलं की त्याची डाळ इथं का शिजणार नाही. अँटिव्हायरस कुठला, त्याची मुदत कुठल्या तारखेपर्यंत, खाती दोन कशी, पेन्शन कुठल्या बँकेत येते आणि ती बँक आपण कॉम्प्युटरवर का उघडत नाही. माणूस शांतपणे ऐकत होता. मधे मधे 'जी सर' म्हणत होता. इतका मन लावून ऐकणारा श्रोता आप्पांना शहापुरात कधी भेटलेला नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन आला. "सर, उद्या आपला अँटिव्हायरस संपतोय, आम्ही कंपनीकडून बोलतोय, नूतनीकरणाची लिंक पाठवू का?" आप्पांनी लिंक घेतली नाही. पण चेहरा पांढराफटक पडला. तारीख ह्यांना कळली कशी? म्हणजे आत कुणीतरी बसलंय! दोन रात्री कॉम्प्युटर खालीवर केला. पूर्ण स्कॅन, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला, त्याच्या शेजारी टिकल्यांचं पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यातली एक तोंडाला लावा."

खुद्द आक्कांचं सगळं फोनवर चालतं. गॅस, वीजबिल, भिशी, मुलाचे फोटो. आप्पा फोनकडे बघत नाहीत. ते आपलं खातं नव्हे म्हणतात. म्हणजे पहारा कडेकोट, आणि घरातलं सगळं मोलाचं सामान पहाऱ्याच्या बाहेर. तुळशीचं लग्न झाल्यावर आक्कांना व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली. नावाच्या शेवटी एपीके. असली फाइल पत्रिका नसतेच, ते ॲप असतं. बसवून परवानग्या दिल्या की मेसेज वाचतं आणि बँकेचे ओटीपी भामट्याच्या हाती जातात. आक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ती उघडली नाही, कारण त्यांच्या मते अक्षता घेऊन घरी न येता फोनवर पत्रिका धाडणारी माणसं आपली नव्हंत. आप्पांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पद्धत चांगली हाय. चौकात सांगतो."

सध्या त्यांना नवी चिंता लागलीय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि त्यांचं जुनं मशीन विंडोज ११ घ्यायला तयार नाही. पुतण्यानं वर्षभराची मुदतवाढ मिळवून दिलीय, पुढं काय म्हणून तो विचारतो. "२००४ पासून आमचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून हाय," आप्पा म्हणतात. "मुदतवाढीला घाबरणारा माणूस तू बघूलालास काय?"

कुणाला कॉम्प्युटर साफ करून हवा असेल तर संध्याकाळी सहानंतर जावं. पैसे घेत नाहीत, चहा आणि एक वडी कुंदा मिळतो. पेनड्राइव्हवर फुली पडेल, ती पुसू नये. आणि पासवर्ड विचारायच्या फंदात पडू नये. जिना उतरेपर्यंत तो कळतोच.